शंभराला एक

भोसरीतल्या एका प्लेटिंग शॉपमधून, म्हणजे धातूच्या वस्तूंवर क्रोमचा मुलामा चढवणाऱ्या दुकानातून, एक मुलगा आमच्या लॅबमध्ये सॅम्पल घेऊन येतो. आयटीआय झालेला, विशीच्या आतबाहेरचा, हाताच्या बोटांवर क्रोमिक अ‍ॅसिडचे पिवळे डाग. कितीही सांगितलं तरी सॅम्पल थंड पेयाच्या बाटलीतच आणतो. लेबल सोललेल्या त्या बाटलीत कोकमाच्या आगळासारखा गडद लाल द्रव असतो, आणि मला दरवेळी भीती वाटते की वाटेत कुणीतरी तहानेला त्याला तोंड लावेल. त्या दिवशी त्याच्या हातात रिपोर्ट दिला. क्रोमिक लिटरला २४८ ग्रॅम, सल्फेट ३.६, म्हणजे गुणोत्तर एकोणसत्तराला एक; हवं शंभराला एक. जास्तीचं सल्फेट काढायला आठशे लिटरच्या टाकीत पावणेदोन किलो बेरियम कार्बोनेट थोडं थोडं करून टाका, दोन हप्त्यांत, मध्ये ढवळा, खाली बसू द्या, असं खाली लिहिलं होतं. त्यानं ते सगळं बोट ठेवून वाचलं आणि विचारलं, “मॅडम, हे शंभराला एक कुणी ठरवलं?” मी म्हटलं, “पुस्तकात आहे.” त्यानं मान डोलावली, रिपोर्टची घडी करून खिशात ठेवला आणि गेला. उत्तर खोटं नव्हतं. पण विचारणाऱ्याला ते पुरलं नव्हतं, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं, आणि मलाही ते दिवसभर पुरलं नाही.

क्रोमच्या बाथइतकं, म्हणजे मुलाम्याच्या टाकीतल्या द्रावणाइतकं, हट्टी काही मी पाहिलेलं नाही. पाण्यात क्रोमिक विरघळवा, शिशाचे अ‍ॅनोड टांगा, वीज पुरवणारा रेक्टिफायर चालू करा, जॉब, म्हणजे मुलामा द्यायची वस्तू, आत सोडा. टाकीत नुसता क्रोमिक असेल तर जॉबवर बुडबुडे येत राहतात, धुरकट वाफ उठते, अँपिअर खर्च होतात आणि चकाकी येत नाही. त्यातच लिटरला अडीच ग्रॅमच्या आसपास गंधकाम्ल घाला, म्हणजे शंभर भाग क्रोमिकला एक भाग सल्फेट, की तोच जॉब निळसर झाक असलेल्या आरशासारख्या झळाळीनं बाहेर येतो. हे सल्फेट स्वतः जॉबवर बसत नाही. तिथं बसतं ते क्रोमियमच. सल्फेट फक्त ते बसणं शक्य करतं. जास्त झालं तर जॉबचे खोलगट भाग उघडे राहतात, क्रोमखालचं निकल पिवळट दिसत राहतं. कमी झालं तर तपकिरी, इंद्रधनुषी डाग पडतात. दुकानात जॉब परत आला की शिवी रेक्टिफायरला पडते, बफिंगवाल्याला पडते, पाण्याला पडते. सल्फेट कुणाला डोळ्यांनी दिसत नाही. आमच्याकडे ते मोजायचं म्हणजे आधी हायड्रोक्लोरिक आणि अल्कोहोल घालून त्या लाल द्रवाला हिरवा करायचा, मग गरम असतानाच बेरियम क्लोराइड सोडायचं. हिरव्यात पांढरी धूसर छटा येते, ती हळूहळू तळाशी जाते. गाळायचं, जाळायचं, वजन करायचं. उरतं ते चिमटीत मावेल एवढं पांढरं भुकटं. आठशे लिटरच्या टाकीचं भलंबुरं त्यावर ठरतं.

तर ते कुणी ठरवलं?

शोधत गेले तेव्हा पहिलं नाव आलं ते जॉर्ज सार्जंट यांचं. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात त्यांनी क्रोमियम विजेनं बसवण्यावर काम केलं आणि १९२० साली अमेरिकन इलेक्ट्रोकेमिकल सोसायटीपुढे ते निबंधरूपानं मांडलं. लिटरला सुमारे २५० ग्रॅम क्रोमिक आणि ३ ग्रॅम क्रोमियम सल्फेट. मी कागदावर हिशोब मांडला. क्रोमियम सल्फेटच्या त्या तीन ग्रॅममध्ये सल्फेट भरतं साधारण २.२ ग्रॅम, म्हणजे गुणोत्तर एकशे तेराला एक. आजही सॅम्पल या आकड्यावर आलं तर मी रिपोर्टवर ‘ठीक’ असंच लिहीन. म्हणजे भोसरीत, रबाळ्यात, अंबडला, शिरोलीत ज्या टाक्या चालू आहेत त्यांचा मूळ घाट १९२० सालीच छापून झालेला होता. या बाथला आजही जगभर ‘सार्जंट बाथ’ म्हणतात.

पण पेटंट सार्जंट यांच्या नावावर नाही. ते आहे कॉलिन फिंक यांच्या नावावर, कोलंबिया विद्यापीठातले इलेक्ट्रोकेमिस्ट्रीचे प्राध्यापक. २० एप्रिल १९२६ ला ते मंजूर झालं. फिंक यांचं म्हणणं मी माझ्या शब्दांत सांगते: बाथमध्ये सल्फेटसारखं अ‍ॅसिड रॅडिकल (अ‍ॅसिडमधून आलेला भाग) उत्प्रेरकाचं काम करतं, त्याचं क्रोमिकशी असलेलं प्रमाण महत्त्वाचं आहे, आणि ते प्रमाण नियंत्रणात ठेवायला हवं. ठेवताना बाजारातून आणलेल्या क्रोमिकमध्ये अशुद्धी म्हणून आधीच किती सल्फेट आहे तेही धरायला हवं. हे शेवटचं वाक्य वाचताना मी खुर्चीत सरसावून बसले. कारण क्रोमिक अ‍ॅसिड बनतं तेच मुळी सोडियम डायक्रोमेटवर गंधकाम्ल घालून. थोडं सल्फेट त्याच्या अंगातच राहतं. आता साधं गणित करा. ड्रममधल्या क्रोमिकमध्ये सल्फेटची अशुद्धी शेकडा एक असेल, तर काहीही न घालता गुणोत्तर शंभराला एक जुळून येतं. ती अशुद्धी शेकडा ०.२ असेल तर पाचशेला एक. मग जॉबवर डाग. एकाच दुकानात, एकाच माणसाच्या हातून, एका ड्रममधून आरसा निघे आणि पुढच्या ड्रममधून कचरा. जमलं तर का जमलं ते कळत नसे आणि बिघडलं तर का बिघडलं तेही नाही. फिंक यांनी कुठलं नवं रसायन आणलं नव्हतं. सगळ्यांच्या टाकीत आधीपासून असलेल्या गोष्टीकडे बोट दाखवून ते म्हणाले, ही मोजा आणि ठरावीक ठेवा.

हे पेटंट युनायटेड क्रोमियम या कंपनीच्या हाती होतं. त्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत मोटारींचे रेडिएटर, बंपर, न्हाणीघरातले नळ, इस्त्र्या, सगळ्यांना क्रोमची झळाळी हवी होती. त्यामुळे शंभराला एक या साध्या आकड्यामागे केवढे पैसे उभे राहिले असतील याची कल्पना करता येते. कनेटिकटमधल्या मेरिडेन गावची इंटरनॅशनल सिल्व्हर, काटे-चमचे आणि चांदीची भांडी बनवणारी मोठी कंपनी, हिच्यावर युनायटेड क्रोमियमनं दावा लावला. प्रकरण अपील न्यायालयापर्यंत गेलं आणि १९३२ साली तिथं फिंक यांचं पेटंट टिकलं. पुढे जनरल मोटर्सशीही असाच वाद झाला. सार्जंट यांचा निबंध अशा वादात सगळ्यांच्या आधी पुढे येणार हे उघडच होतं. जे छापून झालंय त्याचं पेटंट कसं? हा प्रश्न मलाही पडला, आणि मी त्यावर बराच काळ एका बाजूला टिकून राहू शकले नाही.

मनानं मी सार्जंट यांच्याकडे ओढली जाते. त्यांनी प्रयोग केला, आकडे लिहिले, छापले, कुणालाही वापरू दिले. पण माझं पोट ज्या कामावर चालतं ते काम फिंक यांचं आहे. एकदा चांगला बाथ बनवणं आणि तो सहा महिन्यांनी, नवा ड्रम फोडल्यावर, उन्हाळ्यात पाणी उडाल्यावर, जॉबबरोबर रोज थोडा थोडा बाहेर ओघळून गेल्यावरही तसाच ठेवणं, यातलं अंतर केवढं आहे ते मला माहीत आहे. पहिल्याला कृती लागते. दुसऱ्याला कारण कळावं लागतं. सार्जंट यांच्या निबंधात कृती होती. काय सांभाळायचं आणि का, हे फिंक यांनी ठामपणे मांडलं. त्याला शोध म्हणावं का? मी म्हणते, म्हणावं. पण त्यावर सतरा वर्षं मक्तेदारी द्यावी का, इथं माझं उत्तर डळमळतं. कारण सल्फेट आधीच टाकीत होतं, अनेकांचे हात त्यात आधीच बुडलेले होते, आणि नकळत का होईना त्यांचं काम साधतही होतं. जो कारागीर योगायोगानं बरोबर होता, तो एका सकाळी कायद्यानं उल्लंघन करणारा ठरू शकत होता.

फिंक या माणसाबद्दल वाचत गेले तसतसं कुतूहल वाढत गेलं. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमसाठी त्यांनी आणि चार्ल्स एल्ड्रिज यांनी जुन्या काशाच्या मूर्तींवरचा गंज विजेच्या साहाय्यानं काढण्याची पद्धत बसवली होती. म्हणजे धातूवर धातू चढवणारा हा माणूस धातूवरचं शतकांचं ओझं उतरवतही होता. आणखी एक गोष्ट त्यांच्या वाट्याला आली. १९३६ साली कॅलिफोर्नियात पितळेचा एक पत्रा सापडला. १५७९ साली तिथं उतरलेल्या फ्रान्सिस ड्रेकनं इंग्लंडच्या राणीच्या नावानं हक्क सांगत ठोकलेला तो हाच, असा बोलबाला झाला. पत्रा तपासणीसाठी फिंक यांच्याकडे आला. १९३८ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यानं तो अस्सल असल्याचा निर्वाळा दिला. १९७० च्या दशकात नव्या साधनांनी पुन्हा तपासणी झाली तेव्हा तो बनावट निघाला. पितळेत जस्त फार होतं आणि धातू फार स्वच्छ होता. सोळाव्या शतकातल्या पितळेत ज्या अशुद्धी असायला हव्यात त्या त्यात नव्हत्या. हे वाचून मी काही वेळ काम बाजूला ठेवलं. क्रोमिकमधली अशुद्धी ज्यांनी पकडली, त्यांच्याच हातातून पितळेतली नसलेली अशुद्धी निसटली. फिंक तोवर गेले होते, १९५३ मध्ये. मला त्यांच्याबद्दल वाईट वाटतं ते मनापासून. रोज आकड्यांवर सही करणाऱ्या प्रत्येकाला ही धास्ती ठाऊक असते.

या धंद्यात हक्काची भांडणं तशी जन्मापासूनची. १८४० साली बर्मिंगहॅममध्ये जॉन राइट नावाच्या शल्यचिकित्सकानं शेले या अठराव्या शतकातल्या रसायनज्ञाच्या लिखाणात वाचलं की सोन्याचांदीची सायनाइडं पोटॅशियम सायनाइडमध्ये विरघळतात. त्यानं त्या द्रावणात चांदी चढवून पाहिली, आणि घट्ट, जाड थर बसला. एल्किंग्टन नावाच्या दोन चुलतभावांनी त्याची ही युक्ती विकत घेऊन आपल्या पेटंटात घातली. त्यांचा रिवाजच तो होता: भांडण्याआधी विकत घ्यायचं. वेर्नर सीमेन्स तेव्हा प्रशियाच्या सैन्यात होता. मित्राच्या द्वंद्वयुद्धात साथीदार म्हणून उभा राहिल्याबद्दल त्याला माग्डेबुर्गच्या किल्ल्यात कैद झाली. कोठडीतच त्यानं छोटी प्रयोगशाळा मांडली आणि सोन्याचा मुलामा देण्यावर काम केलं. प्रशियाचं पेटंट त्याला १८४२ मध्ये मिळालं. राजाची माफी आली तेव्हा प्रयोग रंगात होते, म्हणून त्यानं आणखी काही दिवस आतच राहू द्या अशी विनंती केली, असं त्यानं आठवणींत लिहिलंय. दुसऱ्या वर्षी त्याच्या धाकट्या भावानं, विल्हेल्मनं, इंग्लंडला जाऊन ती कृती एल्किंग्टनना दीड हजार पौंडांना विकली. सीमेन्स हे नाव पुढे कुठं गेलं ते सांगायला नको.

माझ्या नोकरीच्या सुरुवातीला मी ज्या दुकानात होते तिथले मिस्त्री मला या सगळ्यात सारखे आठवत राहिले. सगळे त्यांना नाना म्हणत. नाना क्रोमच्या टाकीशी वाकून नुसते ऐकत. बुडबुड्यांचा आवाज बदलला की म्हणत, “ताई, आज अ‍ॅसिड मागतोय.” मग माझ्याकडे पाठ करून एका निळ्या बाटलीतून काहीतरी ओतत. किती, ते कधी दाखवलं नाही. मी मोजायचे तेव्हा आकडा बरोबर यायचा, आणि माझं मोजणं त्यांना आवडायचं नाही. बोलताना त्यांच्या श्वासाबरोबर बारीक शिट्टी वाजायची. नाकाच्या पडद्याला भोक पडलेलं होतं. क्रोमच्या बाथमध्ये विजेचा जेमतेम दहा ते वीस टक्के भाग क्रोम बसवतो. उरलेला बहुतेक हायड्रोजन उडवण्यात जातो. तो हायड्रोजन वर येताना क्रोमिकचे सूक्ष्म थेंब घेऊन येतो. तेच नानांनी आयुष्यभर श्वासात घेतले. त्या दुकानात एक्झॉस्ट होता, पण विजेचं बिल वाढतं म्हणून तो दुपारनंतर बंद असायचा.

नाना गेले त्यानंतर तो बाथ कित्येक आठवडे वळणावर आला नाही.

मी आकडे मोजू शकत होते, बेरियम घालू शकत होते, पण त्या निळ्या बाटलीत आणखी काय होतं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. घरच्यांकडे चौकशी केली, कुठं काही लिहिलेलं सापडलं नाही. नानांचा मला राग येत नाही. ज्या माणसाला दुकानात ना पेन्शन, ना नावाची पाटी, त्याच्याकडे जपण्यासारखं तेवढंच होतं. मालकानं त्यांना टिकवलं ते त्या बाटलीसाठी, हे त्यांना पक्कं कळत होतं. ती उघडी केली असती तर दुसऱ्या दिवशी त्यांच्या जागी निम्म्या पगारात कुणी आला असता. फिंक यांना गुपित उघडं करायला भीती नव्हती, कारण उघडं करण्याच्या बदल्यात कायदा त्यांना सतरा वर्षं राखण देत होता. सांगा आणि मग राखा, असा तो व्यवहार आहे. नानांना असा व्यवहार कुणी देऊच केला नाही.

म्हणून पेटंटांवर मला आता सरसकट चीड येत नाही. फिंक यांच्या पेटंटाची मुदत १९४३ साली संपली. त्यानंतर शंभराला एक हे कुणाच्याही मालकीचं राहिलं नाही, आणि कसं राखायचं तेही छापलेलं होतं. आमच्या पुस्तकात ते आलं ते तिथूनच. कोर्टातल्या वादानं एक गोष्ट आणखी केली: हा आकडा इतक्या लोकांनी, इतक्या बाजूंनी, शपथेवर तपासला की त्यात धूसर काही उरलं नाही. पुढे युनायटेड क्रोमियमच्याच लोकांनी १९५० च्या आसपास आणखी पुढचं पाऊल टाकलं. स्ट्रॉन्शियम सल्फेटसारखं अगदी थोडंच विरघळणारं मीठ बाथमध्ये जास्तीचं टाकून ठेवायचं. विरघळायचं तेवढंच विरघळतं, बाकी तळाशी बसून राहतं, सल्फेट कमी झालं की आणखी थोडं सुटतं. मोजणाऱ्या माणसाला बाजूला सारणारी ही युक्ती आहे, आणि ती इतकी सुंदर आहे की माझ्या पोटावर येत असूनही मला तिचं कौतुक वाटतं.

आता क्रोमिकचेच दिवस भरत आले आहेत. युरोपात २१ सप्टेंबर २०१७ पासून क्रोमियम ट्रायऑक्साइड, म्हणजे हाच क्रोमिक, परवानगीशिवाय वापरता येत नाही. तिकडे माल पाठवणारे कारखाने इथल्या प्लेटिंगवाल्यांना ट्रायव्हॅलंटवर, म्हणजे क्रोमियमच्या कमी घातक रूपाच्या बाथवर, जा म्हणून सांगू लागले आहेत, आणि ते योग्यच आहे. नानांच्या नाकातली ती शिट्टी ज्यानं ऐकली असेल तो दुसरं काही म्हणणार नाही. लॅबमध्ये लाल बाटल्यांच्या शेजारी हिरव्या बाटल्या दिसू लागल्या आहेत. पण हा हिरवा बाथ जास्त नाजूक. लोखंड, तांबं, जस्त, निकल यांचे दहा लाखांत काही भाग मिसळले तरी जॉबवर काळसर पट्टे येतात. क्रोमियम मी मोजते, बोरिक अ‍ॅसिड मोजते, पीएच पाहते, धातूंच्या अशुद्धी पाहते. त्याच्या पुढे मात्र पुरवठादाराचे कॅन असतात, त्यांवर नुसती अक्षरं आणि आकडे. आत काय, किती असावं, कशानं मोजावं, हे विचारलं की उत्तर येतं, “मॅडम, सॅम्पल आमच्याकडे पाठवा, आम्ही फुकट तपासून देतो.” तपासणीबरोबर येतो तो पुढच्या कॅनचा भाव. मिश्रणाचा काही भाग पेटंटांत वाचायला मिळतो आणि मी तो वाचते, दावे एकेक करून, पेन्सिलनं खुणा करत. पण ज्यावर बाथ रोजचा टिकतो ते अनेकदा पेटंटात नसतंच, कॅनमध्ये असतं. नानांची निळी बाटली मी समजू शकत होते. एवढ्या मोठ्या कंपन्यांची मला समजत नाही.

माझ्या रिपोर्टवर अ‍ॅडिटिव्हसाठी, म्हणजे त्या कॅनमधल्या जोडरसायनांसाठी, एक रकाना आहे. हिरव्या सॅम्पलच्या वेळी मी हल सेल या छोट्या चाचणीच्या टाकीत २६७ मिलिलिटर घेऊन पॅनेल, म्हणजे नमुन्याचा मुलामा दिलेला पत्रा, काढते, ते रिपोर्टला जोडते, आणि त्या रकान्यात लिहिते: ‘मोजण्याची पद्धत पुरवठादारानं दिलेली नाही.’ एका पुरवठादाराच्या प्रतिनिधीनं यावर हरकत घेतली. गिऱ्हाइकाच्या मनात उगाच शंका येते, तो रकानाच काढून टाका, असं त्याचं म्हणणं होतं. मालकांपैकीही दोघांनी तेच सुचवलं. मी रकाना ठेवलाय. मागच्या महिन्यात एका दुकानानं खरेदीच्या करारात अट घातली की अ‍ॅडिटिव्ह मोजायची पद्धत लेखी मिळाल्याशिवाय कॅन घेणार नाही. अजून करार झालेला नाही, बोलणी चालू आहेत.